डावे पायडल

गेल्या दिवाळीच्या सुटीत मी पुण्याहून एक सायकल विकत आणली. वयाच्या ४७ व्या वर्षी मराठीच्या प्राध्यापकाला सायकल घ्यावीशी वाटली, यामागे काही काव्यात्म प्रेरणा असेल असे वाचकाने समजू नये. रक्तातल्या साखरेचा आकडा वाढला होता, गुडघे चालण्याविषयी तक्रार करू लागले होते आणि डॉक्टरांनी सायकलचे नाव काढले होते. आमच्या महाविद्यालयात भौतिकशास्त्राचे एक सहकारी आहेत. २०० किलोमीटरचे अंतर साडेतेरा तासांच्या आत पुरे करायचे, असा 'ब्रेव्हे' नावाचा जो एक उपक्रम सायकलवाल्यांत चालतो, त्यात ते नेमाने भाग घेतात. 'घ्यायचीच तर रोड बाइक घ्या,' असे त्यांनी सुचवले. रोड बाइक म्हणजे खाली वळलेल्या शिंगांच्या हँडलची, अरुंद टायरची, वजनाला हलकी अशी सायकल. तिची किंमत माझ्या एका महिन्याच्या पगाराहून थोडी कमी होती, एवढेच सांगतो. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या माझ्या तरुण सहकाऱ्यांसमोर तो आकडा मी अद्याप उच्चारलेला नाही.

दुकानातला तरुण सौजन्यशील होता. त्याने माझ्या पायाची उंची मोजली, त्यावरून सांगाडा निवडला, सीट वरखाली करून दिली. मी चाक फिरवून पाहिले, ब्रेक दाबून पाहिले आणि मग बसायला गेलो, तेव्हा पाय ठेवायला जागाच नव्हती. दोन्ही क्रँकच्या टोकांना दोन गोल भोके होती. भोकांच्या आत बारीक आटे चमकत होते.

'पायडल बसवायची राहिली आहेत,' मी म्हणालो.

'नाही सर, रोड बाइकसोबत पेडल्स येत नाहीत. तुम्ही कोणती सिस्टिम वापरता?'

'मी पाय वापरतो,' असे मी सांगितले. तो हसला. मी विनोद केला नव्हता.

मग त्याने खणातून चाचणीच्या फेरीसाठी ठेवलेली प्लास्टिकची एक साधी जोडी काढली आणि 'हवी तर ही अशीच न्या, सर,' असे म्हणाला. मराठवाड्यातल्या माणसाला पुण्यात कोणी काही फुकट देऊ केले, की त्याचा एक खास राखून ठेवलेला स्वाभिमान जागा होतो. मी नको म्हणालो. लाखाच्या घरातली वस्तू घ्यायची आणि तिच्यातला अत्यावश्यक भाग उपकार म्हणून स्वीकारायचा, हे मला मानवले नाही. सायकल खोक्यात भरली गेली, खोके ट्रॅव्हल्सच्या डिकीत गेले आणि रात्रभर मी आडव्या सीटवर पडून त्या तरुणाशी मनातल्या मनात वाद घालत लातूरला आलो. घंटी नसलेली सायकल मी समजू शकतो. दिवा, कुलूप, स्टँड नसलेलीही समजू शकतो. पण पायडल नसलेली सायकल ही सायकल कशी? ते तर जाते आहे आणि खुंटा नाही अशातला प्रकार.

सहकाऱ्यांकडे गेलो तेव्हा त्यांनी वाद घातला नाही. आतून आपले बूट आणून माझ्यासमोर उलटे ठेवले. तळव्याला पुढच्या बाजूला तीन स्क्रूंनी एक जाड, तिकोनी, पिवळसर चकती बसवलेली होती. तिला क्लीट म्हणतात. पायडलावर बूट दाबला की ती खटक्यात अडकते आणि टाच बाहेर झटकली की सुटते. ते बूट घालून त्यांनी घरातल्या फरशीवर चार पावले टाकून दाखवली. टक, टक, टक. बदक चालावे तसे चालत होते ते. पण सायकलवर बसल्यावर याच बुटांमुळे पाय पायडलावरून घसरत नाही, त्याचा कोन बदलत नाही आणि तासन्‌तास एकाच जागी स्थिर राहतो. पाय वर ओढतानाही जोर लावता येतो असे ते म्हणाले. त्यातून प्रत्यक्ष फायदा किती, यावर मात्र त्या लोकांतच दोन मते आहेत असे दिसते.

हे प्रकरण फार जुने नाही. पूर्वी शर्यतीच्या सायकलींनाही साधीच पायडले असत. त्यांवर धातूची एक चिमटी आणि कातडी पट्टा असे. स्वाराने बुटाचे टोक आत सरकवायचे आणि वाकून पट्टा आवळायचा. बर्फावरच्या स्कीला बूट अडकवणारे खटके तयार करणाऱ्या लूक या फ्रेंच कंपनीने तेच तत्त्व १९८४ साली सायकलला लावले. पुढच्याच वर्षी बर्नार्ड इनो या फ्रेंच सायकलपटूने ती पायडले वापरून 'तूर द फ्रान्स' जिंकली आणि काही वर्षांतच पट्टे गेले. मग शिमानोने आपला खटका काढला, टाइमने आपला, स्पीडप्लेने आपला. एकाचा बूट दुसऱ्याच्या पायडलात बसत नाही. म्हणजे ज्याने एकदा बूट घेतले, त्याचे पायडल ठरले. तो नवी सायकल घेतो तेव्हा जुन्या सायकलची पायडले काढून नवीला लावतो. कंपनीने सोबत कोणतीही जोडी दिली तरी दहांतल्या बहुतेकांना ती नको असते, आणि तिचे पैसे मात्र किमतीत मोजावे लागतात. तेव्हा न देणे हेच शहाणपणाचे. शिवाय जोडीचे वजन पाव किलोच्या आसपास भरते. पायडल वगळून वजन छापले की माहितीपत्रकात सायकल तेवढी हलकी दिसते. (माझे वजन ८४ किलो आहे. त्यात या पाव किलोने काय होणार, हा प्रश्न मी विचारला नाही.)

या पायडलांना 'क्लिपलेस' म्हणतात. ज्यात पाय अडकवला जातो त्याचेच नाव 'अडकवण नसलेले'. जुनी चिमटी गेली म्हणून हे नाव पडले. वस्तू बदलते आणि नावात मात्र गेलेल्या वस्तूचा अभाव तेवढा टिकून राहतो, याची उदाहरणे भाषाविज्ञानाच्या तासाला मी आजवर पुस्तकातून देत आलो. यापुढे हे देईन.

आणखी एक गोष्ट सहकाऱ्यांनी सांगितली, ती मला या सगळ्याच्या मुळाशी वाटते. पायडल न देता सायकल विकता येते, कारण कोणतेही पायडल तिला लागते. दांडीचा व्यास एक इंचाच्या सोळा भागांपैकी नऊ भाग आणि इंचाला २० आटे, हे माप मोठ्या माणसांच्या बहुतेक सायकलींना सारखेच असते. गावातल्या जुन्या काळ्या सायकलचेही तेच आणि या कार्बनच्या चिमट्याच्या सायकलचेही तेच. प्रमाणीकरणाविषयी आम्ही भाषेची माणसे एरवी बरेच कडवट बोलत असतो. आमची लातूरची बोली वर्गात बोलणाऱ्या मुलाला कोणी हसले की मीही बोलतो. पण आट्यांच्या प्रमाणीकरणाने जगातल्या कोणत्याही पायाला कोणत्याही सायकलची दारे उघडी ठेवली, हे मान्य करावे लागते.

त्या खटक्यांच्या जोरावर माणसे काय करतात हेही मी नंतर वाचले. २०१५ साली नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी अमेरिका आडवी ओलांडणारी 'रेस अक्रॉस अमेरिका' दोघांच्या संघाने पुरी केली. २०१७ मध्ये श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती प्रत्येकी एकट्याने पुरी केली. अंतर जवळपास ४८०० किलोमीटर. असा माणूस दुकानात आला आणि त्याला कोणी प्लास्टिकचे पायडल देऊ केले, तर तेही हास्यास्पदच. तेव्हा तो तरुण चुकला नव्हता. त्याने मला त्या माणसांतला एक समजले, हा एका अर्थी सन्मानच म्हणायचा.

मग मला राग कशाचा आला होता?

या प्रश्नाकडे जाण्याआधी शब्दाविषयी थोडे. दुकानात तो 'पेडल' म्हणत होता आणि मी 'पायडल'. लहानपणापासून आमच्याकडे सगळे पायडलच म्हणतात. शहरात शिकायला आल्यावर काही वर्षे मी लाजून 'पेडल' म्हणत असे. नंतर व्युत्पत्ती शिकलो आणि लाज गेली. इंग्रजी 'पेडल' हा फ्रेंच व इटालियन मार्गाने लॅटिनमधल्या पाय या अर्थाच्या शब्दापर्यंत जातो. सायकल जन्मण्याच्या कितीतरी आधी तो चर्चमधल्या ऑर्गनच्या पायपट्टीसाठी वापरात होता. आपल्याकडे संगीत नाटकांच्या साथीला जी पायपेटी असे, तिच्या नावातही पायच आहे. लॅटिनचा तो शब्द आणि संस्कृतातला 'पाद' हे एकाच मुळाचे. 'पाद' प्राकृतातून मराठीत 'पाय' म्हणून आला. म्हणजे कधीतरी कोण्या सायकलवाल्याने 'पेडल' हा परका शब्द ऐकला, त्यात त्याला आपला 'पाय' ऐकू आला आणि त्याने 'पायडल' केले. शास्त्राच्या दृष्टीने ही लोकव्युत्पत्ती, म्हणजे चूकच. पण हजारो वर्षांपूर्वी फुटलेल्या दोन वाटा त्या चुकीत पुन्हा एकत्र आल्या. मी परीक्षक असतो तर त्या माणसाला पूर्ण गुण दिले असते.

आता जुन्या दुकानांविषयी. सगळी सायकल सोबत मिळते असे पूर्वी तरी कुठे होते? अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, लातुरात सायकल घेतली तेव्हा मी दोन-तीन वर्षांचा असेन. पण पुढे तशा कितीतरी सायकली जुळताना मी पाहिल्या. दुकानात सांगाडे कागदात गुंडाळून छताला टांगलेले असत. गिऱ्हाइकाने सांगाडा निवडला की फिटर तो खाली उतरवी आणि दुपारभर बसून तारा ओढी, छर्रे भरी, काटर पिन ठोकी. स्टँड, कॅरिअर, घंटी, कुलूप, चेनकव्हर, सीटचे कव्हर, डायनामो, सगळ्याचे पैसे वेगळे. अण्णांनी यांतले कॅरिअर आणि स्टँड तेवढे घेतले होते. दुधाचे कॅन बांधायचे तर त्यांच्याशिवाय चालत नाही. घंटी घेतली नाही. तोंड आहे की, असे ते म्हणत. सारांश, विकणारा नेहमीच काहीतरी वगळतो, आणि जे वगळतो त्यावरून समोर कोण उभा आहे असे त्याने मानले आहे ते कळते. त्या दुकानदाराने घंटी वगळली, दिवा वगळला. पण पायडल वगळले नाही. अनवाणी, टायरच्या चपलेत, वहाणेत, ज्या पायात जे असेल त्यासकट तो पाय त्याने धरला होता. रबराच्या दोन-दोन ठोकळ्यांचे ते पायडल कोणाला कोणती सिस्टिम असे विचारीत नसे.

त्याहूनही मागे गेलो तर आणखी एक नमुना सापडतो. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईला शिकवीत होते आणि त्यांचे बंधू रामूअण्णा बेळगावात. १८८८ मध्ये या भावांनी बेळगावला सायकलींचे दुकान काढले. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवीत, रामूअण्णा त्या विकत आणि विकत घेणाऱ्याला चालवायलाही शिकवीत. त्या काळी सायकल घेणारा माणूस ती चालवता येत असलेला असेल असे कोण मानणार? शिकवणे विक्रीतच येत होते. (पुढे १९२० मध्ये याच घरातून 'किर्लोस्कर खबर' निघाले आणि त्या मासिकांनी मराठी माणसाला काय काय वाचायला शिकवले, ते आपल्या अभ्यासक्रमात आहेच. सायकलचे दुकान मात्र अभ्यासक्रमात नाही.)

खोके घरी उघडले तेव्हा अण्णा ओसरीत खाटेवर बसले होते. आता ते ऐंशीच्या पुढे आहेत आणि ऐकायला कमी येते, पण नजर साफ आहे. मी सायकल भिंतीला टेकवली. ते बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले,

'डावं कुठंय?'

दोन्ही पायडले नव्हती. त्यांनी विचारले मात्र डाव्याविषयी. मी मटकन खाली बसलो.

१९९३ च्या सप्टेंबरमध्ये अण्णांच्या सायकलचे डावे पायडल निखळले होते. आधी रबर झिजून गेले, मग पत्रे वाकले, शेवटी सगळा पिंजरा गळून पडला आणि क्रँकला नुसती दांडी उरली. बोटाएवढी जाड, गुळगुळीत. औशाच्या बाजारी नवीन जोडी आणायची असे ठरले होते. तोवर दांडीवरच पाय देऊन त्यांची दुधाची खेप चालू होती. मग अनंत चतुर्दशीची रात्र झाली आणि ३० सप्टेंबरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. आमचे गाव औसा तालुक्यातले, पण किल्लारीपासून लांबचे. आमच्या भिंतींना भेगा गेल्या, गोठा बसला, माणसे वाचली. उजाडता उजाडता खबर आली की तेरणेकाठची गावे राहिली नाहीत. माझी आत्या तिकडे दिली होती. फोन नव्हते, गाडी मिळणार नव्हती. आई अण्णांना एवढेच म्हणाली, 'जा, बघून या.' अण्णांनी कॅन सोडून ठेवले आणि ते निघाले. सुमारे २० किलोमीटर. डाव्या पायाखाली दांडी.

ते तिसऱ्या दिवशी परतले. आत्या वाचली होती. तिची सासू आणि धाकटा मुलगा गेला होता. अण्णांनी तिथे काय केले, काय पाहिले, हे त्यांनी सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही. मला आठवतो तो त्यांचा डावा पाय. तळव्याच्या खोलगट भागात दांडीने आडवी चीर पाडली होती आणि चपलेचा तुकडा रक्ताने पायाला चिकटला होता. आईने कोमट पाण्याने तो सोडवला, हळद भरली. मी १५ वर्षांचा होतो. चुलीपुढे बसून मी तो पाय पाहत होतो आणि मला भूक लागली होती, याची लाज अजून जात नाही. पुढच्या आठवड्यात त्यांनी दोन्ही पायडले बदलली. उजवे चांगले होते, तरी बदलले.

'दोन्ही नाहीत, अण्णा,' मी मोठ्याने म्हणालो. 'कंपनी देतच नाही.'

त्यांनी मान हलवली. 'दोन्ही न्हाईत? मग बरंय. मग कुणी जा म्हणत न्हाई.'

पुण्यातल्या दुकानात मला जो राग आला त्याचे नाव मला त्या क्षणी कळले, असे लिहिणे सोपे आहे. पण तसे झाले नाही. त्या रात्री मला आठवली ती वेगळीच गोष्ट, आणि ती सांगायला अण्णांच्या गोष्टीपेक्षा जास्त जड जाते.

२०१६ च्या जानेवारी-फेब्रुवारीतली असेल. दुष्काळाचे वर्ष. त्याच एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. बी. ए. तृतीय वर्षाला मी साहित्यविचार शिकवीत होतो. अभिनवगुप्ताचा 'सहृदय' चालला होता: काव्याच्या सततच्या परिशीलनाने ज्याचे मन आरशासारखे लख्ख झाले आहे, असा वाचक. त्याला जोडून मी वोल्फगांग ईझरचा अभिप्रेत वाचक आणला. संहिता आपल्या पोटात एक वाचक गृहीत धरूनच लिहिली जाते, असे सांगणारे त्याचे पुस्तक १९७२ चे. तास चांगला रंगला होता, निदान माझ्या दृष्टीने. मागच्या बाकावर एक मुलगी बसत असे. शाळेत असताना मानव विकास कार्यक्रमातून मिळालेल्या सायकलवरून ती अजूनही गावाहून येई. ती उठली आणि म्हणाली, 'सर, हे कळण्यासाठी आधी काय काय वाचलेलं असावं लागतं?'

मी म्हणालो, 'ते ज्याचे त्याने घेऊन यायचे असते.'

वर्ग हसला. वाक्य मला आवडले होते. शास्त्राच्या दृष्टीने ते अचूकही होते: सहृदय ही संकल्पना तेच सांगते. मुलगी बसली. पुढे ती वर्गात दिसली नाही. माझ्या त्या उत्तरामुळे तिचे शिक्षण सुटले असे म्हणणे हाही एक अहंकारच ठरेल. ते वर्षच तसे होते. घरच्यांनी पुणे गाठले असेल, लग्न ठरले असेल. मी चौकशी केली नाही, एवढे मात्र माझे.

पुण्याचा तरुण निदान खणात प्लास्टिकची एक जोडी ठेवून होता. गिऱ्हाईक रिकाम्या पायांनी येऊ शकते, याची सोय त्याने केलेली होती, आणि ती त्याने न मागता पुढे केली होती. माझ्या टेबलाच्या खणात तेव्हा काय होते? 'आधी हे वाच, मग ते वाच' अशी दहा पुस्तकांची एक साधी यादी मला पाच मिनिटांत करता आली असती. मी आजही सहृदयाची कल्पना नाकारायला तयार नाही. सगळे साहित्य रबराच्या ठोकळ्यांवर चालावे असे मला वाटत नाही. काही कविता बूट मागतात, आणि मागाव्यात. पण बूट न घेता आलेल्या मुलीला फरशीवर उभे करून आपली टकटक ऐकवणे, हे शिकवणे नव्हे.

राहिली माझी सायकल. सहकाऱ्यांनी त्यांच्याकडची जुनी सपाट पायडले दिली. रात्री दहा वाजता मी ती बसवायला घेतली. उजवे सहज गेले. डावे जाईना, म्हणून पान्ह्याला जोर दिला. कर्र असा आवाज आला आणि दांडी वाकडीच अडकून बसली. दुसऱ्या दिवशी सायकल ढकलत गंजगोलाई गाठली. तिथे जे सोळा रस्ते येऊन मिळतात, त्यांतल्या एका रस्त्याच्या आतल्या बोळात एका म्हाताऱ्या फिटरचे दुकान आहे. त्याला सगळे चाचा म्हणतात. ट्यूशन एरियातल्या पोरांच्या सायकलींची रांग लागली होती. चाचांनी माझी सायकल एका बोटाने उचलून पाहिली, 'फूल है,' असे म्हणाले आणि मग क्रँकच्या भोकात बॅटरी मारली.

'सर, डाव्याचे आटे उलटे असतात. सरळ फिरवलं का?'

मी हो म्हणालो. डावे पायडल उलट्या आट्यांचे का, हे त्यांनी मला त्यांच्या पद्धतीने समजावले: चालवताना भाराखाली दांडी भोकात अगदी कणाकणाने गडगडत असते. छर्रे घट्ट झाल्यावर ती जिकडे ओढली जाईल असे आपल्याला वाटते, त्याच्या बरोबर उलट दिशेला ती सरकते. दोन्ही बाजूंना सारखेच आटे दिले तर डावे पायडल चालता चालता सुटून हातात येईल. पुस्तकात याला मोठे नाव असल्याचे सहकाऱ्यांनी नंतर सांगितले. चाचांनी बोटे बोटांवर फिरवून दाखवले, तेच मला कळले.

सुदैवाने तोंडाजवळचाच एक आटा चेपला होता. चाचांनी पत्र्याच्या डब्यातून उलट्या आट्यांचा टॅप काढला आणि पुढून न घालता क्रँकच्या मागच्या बाजूने घातला. 'चांगल्या आट्यांतून वाट काढत बिघडलेल्यापर्यंत जायचं,' असे ते म्हणाले. तेल सोडत, अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, असे करत त्यांनी तो बाहेर काढला. ॲल्युमिनियमचा बारीक चुरा कापडाने टिपला. सहकाऱ्यांची जोडी बाजूला ठेवून मी साध्या रबरी पायडलांची जोडी मागितली. चाचांनी एकदा सायकलकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिले. पण काही बोलले नाहीत. जोडी १८० रुपयांची होती. दांड्यांना गिरीस लावून त्यांनी उजवे पायडल दोन मिनिटांत आवळले. मग पंधराचा पान्हा माझ्या हातात दिला.

'डावं तुम्ही लावा. आधी बोटानं. अडलं की थांबायचं, जोर नाही करायचा.'

मी खाली बसलो. दांडी भोकात धरली आणि विचारले, 'कुठल्या बाजूला फिरवू?'

'डावं-उजवं डोक्यात नाही राहत, सर. दोन्ही पायडलं पुढच्या चाकाकडं आवळायची.'

मी बोटाने पुढच्या चाकाकडे फिरवले. पहिला आटा धरला, मग दुसरा.